रोहिणीचा आठवडा: वळवाला भुलू नका

कल्याणहून मुरबाड ओलांडून टोकावड्याकडे निघालं की या दिवसांत डोंगराकडे बघवत नाही. अर्धा उतार पिवळा, अर्धा वणव्यानं काळा. ओहोळात नुसते गोटे. बोअरवेल सकाळी दोन-चार हंडे देते आणि मग हवा फेकते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख, आणि मे संपताना घशाला कोरड. शहापुरात तर भातसा आणि तानसा धरणं उशाला आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि वरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. खाली काळा कातळ, वर पातळ माती आणि सगळीकडे उतार, त्यामुळे पडलेल्या पाण्याला थांबायला जागाच नाही. हे रडगाणं नव्हे. आपल्या मातीत ओल टिकत नाही, म्हणून एका सरीवर भरवसा ठेवता येत नाही, एवढंच सांगायचं आहे. या आठवड्याचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे.

२५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं, ७-८ जूनला मिरग, म्हणजे मृग. मधल्या दिवसांतलं आभाळ साधारण ठरलेलं असतं. सकाळी अंगाला चिकटणारा उकाडा, दुपारी पारा अडतीस-चाळीसच्या आसपास, तीननंतर माळशेजच्या अंगाला ढग चढायला लागतात. मग धुळीचा लोट, पत्रे वाजवणारा वारा, अर्धा तास टपोरे थेंब, आणि पुन्हा ऊन. हा वळीव. तो घाटाकडून येतो, दिवस कलताना येतो आणि गडगडत येतो. मोसमी पाऊस समुद्राकडून येतो, आधी दोन-तीन दिवस वारा पश्चिमेचा होऊन टिकतो आणि सरी रात्रीबेरात्रीही पडतात. दोघांत गल्लत करू नका.

आणि तारखेवर तर अजिबात जाऊ नका. मुंबईसाठी हवामान विभागाची सरासरी तारीख ११ जून. २०२३ मध्ये पाऊस २५ जूनला आला. २०२५ मध्ये २६ मेलाच हजर झाला. दोन वर्षांत महिन्याचा फरक. ‘मिरगाला पेरायचं’ म्हणून कॅलेंडर धरून बसणारा २०२३ मध्ये बी घालवून बसला असेल, आणि ‘अजून आठवडा आहे’ म्हणणाऱ्याला २०२५ मध्ये वाफे करायलाही कोरडी जमीन मिळाली नसेल.

एका वर्षी मी स्वतः फसलोय. वरच्या खाचरात तासभर वळीव कोसळला, पागोळ्या वाहिल्या, बांधावरचा पळस धुऊन निघाला. वाटलं, झालं काम. दुसऱ्या सकाळी राबात, म्हणजे भाताची रोपं तयार करायच्या तुकड्यात, पंधरा किलो बी फेकलं. पाचव्या-सहाव्या दिवशी हिरव्या सुया वर आल्या, मी खूश. पुढे आठवडाभर कडक ऊन. सुया आधी टोकाला तांबूस झाल्या, मग पेंढ्यासारख्या. आईनं खुरप्यानं एक ढेकूळ उलटं केलं. वर दोन बोटं ओल लागलेली, खाली राखेसारखी कोरडी भुकटी. “पाऊस वरनं गेला,” एवढंच म्हणाली. दुसऱ्यांदा बी विकत आणायला गेलो तेव्हा हवं ते वाण संपलं होतं, उरलं होतं ते घेतलं.

तेव्हापासून आमची कसोटी आईच्या खुरप्याची. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या सकाळी राबाच्या जागी वीतभर खणायचं. तळची माती मुठीत दाबली आणि तिचा लाडू झाला, तर ओल पोचली. बोटांतून भुकटी सांडली, तर घरी जायचं.

थोडक्यात, राब एक तर पूर्ण कोरड्यात पेरा, नाही तर पुऱ्या ओलीत. अर्धवट ओलीत पेरलेलं बी रुजतं आणि मरतं. कोरड्यात, म्हणजे धूळवाफेवर, पेरलेलं बी खऱ्या पावसापर्यंत पडून राहू शकतं, पण मध्ये वळीव पडला तर त्याचीही तीच गत. म्हणून धूळवाफेवर सगळं बी घालू नका. राबाचे दोन वाटे करा, एक आता, दुसरा आठ-दहा दिवसांनी. एक वाटा गेला तरी दुसरा आवणीला, म्हणजे रोपं खाचरात लावायला, येतो. पेरल्यावर मातीनं नीट झाका आणि वर काटेरी झापं पसरा, कारण या दिवसांत रानात पाखरांना खायला दुसरं काही नसतं. रहू पेरणारांनी, म्हणजे मोड आणून चिखलात फेकणारांनी, तर खरा पाऊस लागल्याशिवाय बी भिजवूच नये.

आता राब भाजण्याबद्दल, म्हणजे पेरायच्या जागी फांद्या-शेण पसरून पेटवण्याबद्दल. दरवर्षी यावर वाद होतो. भाजल्यानं तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, रोप उपटताना मुळं तुटत नाहीत, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यासाठी ऐनाच्या झाडाचे सगळे हात तोडायचे, शेतात जायचं शेण धुरात घालवायचं, आणि दुपारच्या वाऱ्यात ठिणगी डोंगरावर पाठवायची, हा हिशोब मला आता पटत नाही. भाजायचंच असेल तर पहाटे, वारा नसताना, आणि भोवती दोन हात जमीन साफ करून. राख विझल्याशिवाय तिथून हलू नका.

मी गादीवाफे करतो. एक एकर लावणीला चार गुंठे पुरतात. वाफा मीटर-सव्वा मीटर रुंद, चार बोटं उंच, लांबी जमिनीच्या उतारानुसार. गुंठ्याला अडीचशे किलो कुजलेलं शेणखत, आणि गिरणीतून भाताच्या तुसाची काळी राख मिळाली तर तीही मातीत मिसळा, रोप सहज उपटतं. बी ओळीत पेरलं की तण काढता येतं. पेरताना गुंठ्याला किलोभर युरिया, पंधरा दिवसांनी तेवढाच. रोप पिवळं दिसलं की मूठभर जास्त टाकायचा मोह होतो, तो आवरा. कोवळं, लुसलुशीत रोप खोडकिड्याला आवडतं.

खोडकिड्यावरून आठवलं. ज्यांची उन्हाळी नांगरट राहिली असेल त्यांनी ती याच आठवड्यात उरका. गेल्या हंगामाच्या धसकटात, म्हणजे कापणीनंतर उरलेल्या बुडख्यात, अळ्या दडून असतात. नांगरून धसकटं उघड्यावर टाकली की ऊन आणि पाखरं त्यांचा निकाल लावतात. एखादं धसकट उभं चिरून बघा, पिवळट अळी सापडली तर कामाला हुरूप येतो. बांधाची खेकड्यांची बिळंही आत्ताच बुजवा. जुलैमध्ये भर पावसात इरलं घेऊन बीळ शोधत फिरणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

आंब्याचं घाईचं आहे. आपल्याकडचा हापूस-केसर रत्नागिरीच्या मागून येतो, म्हणजे शेवटची तोडणी नेमकी वळवाच्या तोंडावर. गच्च भरलेलं, खांदे वर आलेलं फळ झाडावर ठेवू नका. सकाळी दहाच्या आत, झेल्यानं (काठीला बांधलेल्या जाळीनं), देठ ठेवून उतरवा. देठाशिवाय काढलेल्या फळावर चीक सांडतो, डाग पडतो आणि वाशीच्या बाजारात पेटी उघडली की दर तिथेच पडतो. भिजलेला आंबा पेटीत भरू नका, आधी सावलीत एकेक पसरून सुकवा. पाऊस शिंपडला की फळमाशी वाढते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा एकरी दोन लावा, पण सापळा लावून झाडाखाली सडकी फळं तशीच ठेवलीत तर काही उपयोग नाही. गळलेलं प्रत्येक फळ वेचा आणि दोन फूट खोल पुरा. अळी त्या फळातून मातीत उतरते आणि तिचीच पुढे माशी होते.

उन्हाळी भेंडीवर आता केवडा दिसेल, पानं पिवळी आणि शिरांची जाळी. हा विषाणू आहे, त्यावर औषध नाही. दुकानदार काही देईल, घेऊ नका. पसरवते ती पांढरी माशी, तिच्यासाठी पिवळे चिकट सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क. रोगट झाडं उपटून टाका. पावसाळी भेंडी घ्यायची असेल तर या प्लॉटच्या शेजारी नको. वेलवर्गीयांना पाणी फक्त सकाळी किंवा सूर्य उतरल्यावर.

गुरांचं मात्र पुढं ढकलू नका. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पाऊस लागायच्या आधी टोचून घ्या, सरकारी दवाखान्यात चौकशी करा. पेंढ्याच्या उडवीवर ताडपत्री आत्ताच टाका, पण बुडाशी दगड-फळ्या घालून हवा खेळती ठेवा. भिजलेला, बुरशी धरलेला पेंढा गाभण म्हशीला घालणं म्हणजे संकटाला बोलावणं. चारा कमीच असेल तर शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, प्लास्टिकखाली एकवीस दिवस दाबून ठेवायचा आणि उघडल्यावर वारा देऊन थोडा-थोडा चारायचा. सहा महिन्यांखालच्या वासरांना तो नको. युरियाचं पाणी गुरांच्या तोंडी लागेल असं ठेवू नका, ते विष आहे.

विजेचं सांगतो, कारण वळवाच्या दिवसांत दरवर्षी कुठे ना कुठे झाडाखाली बांधलेलं जनावर जातं, कधी माणूसही. ढग चढले की लोखंडी साखळीनं झाडाला बांधलेली बैलजोडी सोडून गोठ्यात आणा. चमक दिसल्यावर मनात आकडे मोजा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, माळावर थांबू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप मराठीतही आहे, फोनमध्ये घ्या. रेंज नसेल तिथे आकडे मोजणं आहेच.

कलमं लावायची असतील तर आंब्याचे खड्डे, मीटरभर लांब-रुंद-खोल, आत्ता खणून उन्हात तापू द्या. भरायला घाई नाही.

आता बियाणं. आठवडाभर ठाण्यात किंवा डोंबिवलीत नोकरी करून शनिवारी गावी जाणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांना हे काम फ्लॅटच्या ओट्यावरही करता येतं. पिशवीतून न निवडता शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या सुती फडक्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळा, ताटात ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. फडकं ओलं हवं, पाण्यात बुडालेलं नको. सातव्या दिवशी मोजा. ऐंशी किंवा वर मोड आले तर बेलाशक पेरा. घरचं बी असेल आणि सत्तर आले तर बी थोडं जास्त घ्या.

मग मिठाचं पाणी. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, त्यात बी ओता, हातानं ढवळा. पोचट आणि रोगट दाणे तरंगतात, ते गाळून कोंबड्यांना नको, जाळा. तळचं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा, नाही तर मीठच बाधेल, आणि सावलीत दिवसभर सुकवा. पेरणीच्या आधी किलोला अडीच-तीन ग्रॅम थायरम चोळा, हातमोजे घालून. जिवाणू खत लावायचं तर शेवटी, पेरायच्या अगदी आधी.

विकतच्या पिशवीतले मोड ऐंशीच्या खाली आले तर पेरू नका, बिल घेऊन दुकानात जा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या. त्यासाठी पिशवी खालून फाडायची, म्हणजे वरचं लेबल शाबूत राहतं. बिल, लेबल आणि मूठभर बी एका डब्यात, भात खळ्यावर येईपर्यंत.