मुलांवर ‘शैली’चा शिक्का मारू नका: वेगवेगळ्या मुलांना शिकवताना या चुका टाळा

“सर, मला वाचून कळत नाही. मी व्हिज्युअल आहे.”

सातवीतला मुलगा हे म्हणाला तेव्हा त्याच्या हातात एका पानाचा उतारा होता आणि त्यातली पहिली ओळही त्यानं वाचलेली नव्हती. शिकण्याच्या शैलीची प्रश्नावली महिनाभरापूर्वी मीच वर्गाकडून भरून घेतली होती. शिक्का माझा होता, त्यानं तो मनापासून खरा मानला होता.

वेगवेगळ्या मुलांना शिकवताना होणारी सगळ्यात महागडी चूक ती हीच. बघून शिकणारी, ऐकून शिकणारी, हातानं करून शिकणारी अशी मुलांची वाटणी आपण करतो. नील फ्लेमिंग आणि कॉलीन मिल्स यांनी १९९२ मध्ये मांडलेलं ‘व्हार्क’ (बघणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि करून बघणं) हे वर्गीकरण अनेक शिक्षकांच्या ओळखीचं आहे. मुलाला काय आवडतं हे अशा प्रश्नावलीतून कळतं, पण आवडत्या पद्धतीनं शिकवल्यावर मूल जास्त शिकतं का, हा प्रश्न वेगळा. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरचं संशोधन तपासलं. शैलीनुसार शिकवणी बेतावी, याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही.

त्या मुलाचं खरं दुखणं वाचनाच्या वेगाचं होतं. उताऱ्याचे तीन तुकडे केले, अडणारे पाच-सहा शब्द आधी बोलून घेतले आणि प्रत्येक तुकड्यानंतर कागद पालथा ठेवून ‘काय झालं?’ एवढंच विचारलं. दोन आठवड्यांत तो आपणहून उतारा मागायला लागला.

पद्धत मुलाकडे बघून ठरवली, धड्याकडे बघून नाही

हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे अनुभवी शिक्षकांचीही गल्लत होते. एक मुलगी ठामपणे सांगायची की १/३ पेक्षा १/४ मोठा, कारण तीनपेक्षा चार मोठे. फळ्यावर दोन वर्तुळं काढून भाग रंगवून दाखवले, तरी उत्तर तेच. मग सगळ्या वर्गाला सारख्या लांबीच्या दोन-दोन कागदी पट्ट्या दिल्या. घड्या घालून एकीचे तीन सारखे भाग, दुसरीचे चार. तिनं दोन्हींचा एकेक तुकडा कापला, एकावर एक ठेवला, बोटानं कड चाचपली आणि थोड्या वेळानं म्हणाली, “जास्त जणांत वाटलं की वाटा लहानच होणार ना!”

इथे ‘ही हातानं शिकणारी मुलगी’ असं म्हणायचा मोह होतो. तो आवरा. पट्टीचा उपयोग झाला, कारण अपूर्णांक मुळात मोजण्या-वाटण्याची गोष्ट आहे. हीच मुलगी कवितेची लय मोठ्यानं म्हणूनच पकडणार आणि नकाशा डोळ्यांनीच वाचणार. तेव्हा आधी हा घटक कसा उलगडतो ते बघा, मग साधन निवडा आणि ते सगळ्यांच्या हातात द्या.

शिवाय पट्टीवर थांबू नका. पट्टीनंतर आकृती, आकृतीनंतर नुसते अंक. १/१७ आणि १/१९ यांत मोठा कोणता, हे घड्या घालून ठरवता येत नाही. तिथे छेदाचा अर्थच कळलेला असावा लागतो.

रमली म्हणजे शिकली, असं धरलं

तास रंगला, तक्ते झाले, गटांत दंगा झाला आणि आठवड्यानं विचारलं तर कुणालाच काही आठवत नाही. अशा वेळी आपण आणखी रंजक कृती शोधतो, पण कमी पडलेली असते ती आठवण्याची संधी. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. म्हणून तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न विचारा. वही बंद, गुण नाहीत. कुणी तोंडी सांगेल, कुणी चित्र काढेल, कुणी लिहील. उत्तर देण्याची वाट मुलांना निवडू द्या, फक्त आठवणं सगळ्यांना सारखंच लागू असू द्या.

तीच चार मुलं उत्तर देतात

बाकीची मंद नसतात, आपण घाई करतो. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणात प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनातल्या मनात तीन अंक मोजा. सुरुवातीला ती शांतता फार अवघड वाटते, तरी थांबा.

सगळं एकदम दिलं

पडद्यावर परिच्छेद, तोच आपण वाचतोय आणि बाजूला हलतं चित्र. प्रत्येकासाठी काहीतरी असावं हा हेतू चांगला, पण मुलांचं लक्ष फाटतं. आकृती दाखवत असाल तर मजकूर काढा आणि तोंडानं समजावा.

आणि एक तपासणी कुठल्याही प्रश्नावलीच्या आधी करा. फळ्यावरचं उतरवताना शेजारच्या वहीत डोकावणारं मूल, प्रत्येक सूचना पुन्हा विचारणारं मूल, अशांची पालकांशी बोलून दृष्टी आणि श्रवण तपासून घ्या. तोवर त्याला पुढच्या बाकावर बसवा आणि सूचना त्याच्याकडे तोंड करून द्या.