सेकंडहँड फोनो प्रीअँप घेताय? आधी तुमची पिन कोणती ते बघा

भाऊ, नागपूरच्या धरमपेठेत कोणाकडे भारीतला जुना फोनो प्रीअँप (रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल अँप्लिफायरजोगा मोठा करणारा डबा) निघाला, अर्ध्या भावात देऊन राहिला, म्हणून लगेच पैसे काढू नका. आधी आपल्या टर्नटेबलला, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरला, कार्ट्रिज (पिन बसवलेला छोटा भाग) कोणतं आहे ते बघा, एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) असेल तर ते साधारण 3 ते 5 मिलिव्होल्ट देतं आणि 40 डीबी गेन (सिग्नल किती वाढवतो ते), 47 किलोओहम लोडिंगमध्ये (कार्ट्रिजला दिसणारा प्रीअँपच्या इनपुटचा रोध) काम भागतं, ते तर बहुतेक साध्या डब्यातही मिळतं. लो आउटपुट एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज मात्र अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासच, त्याला 60 डीबी लागतो आणि खरा पैसा तिथंच, कारण एवढा गेन स्वतःची सूं-खरखर न मिसळता देणं सोपं नाही.

ऐकायला जाताना आपलंच टर्नटेबल उचलून न्या, जड असलं तरी. पिन उचललेली ठेवून व्हॉल्यूम हळूहळू वाढवा, बारीक सूं चालेल, घूंऽऽ नको. एका बाजूनं खरखर येत असेल तर इनपुटच्या लेफ्ट-राइट वायरी अदलाबदल करा, खरखर त्याच स्पीकरमधून आली तर दोष प्रीअँप किंवा त्याच्या पुढं, दुसरीकडं गेली तर पिन नाहीतर टर्नटेबलची वायर.

मागची पट्टी वाचाच. अमेरिकेतून आलेला 120 व्होल्टचा असेल तर आपल्या 230 वर थेट लावला की संपला. वीस वर्षं जुना असेल तर कपॅसिटर बदलायचा खर्च धरा, उष्णतेनं ते लवकर सुकतात आणि आपला मे महिना तर माहीतच आहे!