धुळे ते तीर्थन: ट्राउटच्या गळासाठी उत्तरेच्या लांब प्रवासाची आखणी

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची आणि रानडुकरासाठी बांधलेल्या माचाणाची आठवण सांगणारी माणसे अजून भेटतात. त्यामुळे उत्तरेच्या लांब प्रवासाचा विषय निघाला की सोबतीला येणाऱ्यांपैकी कोणीतरी छर्‍याची बंदूक बरोबर घ्यावी का, असे विचारतोच. ती घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ प्राणी मारणे एवढाच नाही. त्याला पकडणे, फासा लावणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सारे त्यात येते. यावल किंवा अनेर अभयारण्यात जो नियम, तोच हिमालयातही आहे. बंदूक, गलोल आणि फासे घरीच ठेवावेत. परवाना काढून करता येतो तो गळाचा छंद, आणि त्यासाठी हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदी हे मला माहीत असलेले सर्वांत चांगले ठिकाण आहे.

आखणीची सुरुवात गाडीपासून किंवा रजेपासून करू नये, नदीच्या दिनमानापासून करावी. ट्राउट हा थंड, वाहत्या, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातला मासा आहे. तो मूळचा इथला नाही. इंग्रजांच्या काळात युरोपातून अंडी आणून तो आधी काश्मीरमध्ये आणि नंतर कुल्लूकडच्या नद्यांत रुजवला गेला. त्यातला ब्राउन ट्राउट हिवाळ्यात नदीच्या बारीक खडीत अंडी घालतो, म्हणून हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते. आपल्याकडे नेमकी इथेच चूक होते. दिवाळीची सुटी हाताशी असते, मुलांची शाळा बंद असते, आणि माणूस भाऊबीज आटोपून निघतो. बऱ्याच वर्षी तोपर्यंत नोव्हेंबर उजाडलेला असतो आणि नदीत गळ टाकणे गुन्हा ठरते. जुलै-ऑगस्टमध्ये बंदी नसली तरी पाणी हाती लागत नाही. आमचा पहिला प्रवास जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. नदी चहासारखी लाल-तपकिरी झाली होती, काठावरचे दगड पाण्याखाली गेले होते, आणि चार दिवसांत एकाही माशाने आमिषाला तोंड लावले नाही.

उरतात दोन मोसम. पहिला मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा, जेव्हा गहू-हरभरा घरात आलेला असतो, राजस्थानचे ऊन अजून सोसवते आणि वरचे बर्फ जोराने वितळायला लागलेले नसते. दुसरा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा, म्हणजे पाऊस ओसरल्यावर आणि कापसाची वेचणी भरात येण्याआधीचा. शेती असणाऱ्यांनी पहिला मोसम धरावा. नोकरदारांना दुसरा सोयीचा पडतो आणि पाणीही तेव्हा अधिक निवळ असते. मे महिना शक्यतो टाळावा, कारण धुळ्यापासून हिसारपर्यंतचा सारा रस्ता तेव्हा भट्टीसारखा तापलेला असतो.

तारीख ठरली की निघण्यापूर्वी निदान एक महिना हात बसवावा. त्यासाठी पाण्याची गरज नाही. वेचून मोकळ्या झालेल्या कापसाच्या रानात किंवा खळ्यावर पंधरा पावलांवर एक घमेले ठेवावे, तंगुसाच्या टोकाला आकड्याऐवजी छोटे शिशाचे वजन बांधावे आणि ते घमेल्यात पडेपर्यंत रोज अर्धा तास टाकत राहावे. खांदा फिरवायचा नसतो. कोपर अंगाशी ठेवून मनगटाने काठी मागे न्यायची, क्षणभर थांबायचे, आणि पुढे आणताना ती घड्याळातल्या दहाच्या काट्यापाशी आली की बोटाखालचा तंगूस सोडायचा. वजन घमेल्याच्या पलीकडे पडले तर बोट उशिरा सुटले असावे, अलीकडे पडले तर लवकर, असे वाटते, पण बहुतेकदा उलटे असते: बोट लवकर सुटले की वजन उंच जाते, उशिरा सुटले की समोरच आपटते. हे हाताला कळले की नदीवर झाडात अडकून आमिषे गमावावी लागत नाहीत. गिरणा किंवा तापीच्या धरणावर सराव करायचा असेल तर तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेला आधी विचारावे, कारण जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा त्यांच्याकडे असतो आणि त्यावर त्यांची घरे चालतात.

सामान थोडे पुरते. नवशिक्याने सहा ते सात फुटांची हलकी स्पिनिंग काठी, लहान रीळ आणि सहा ते आठ पौंडांचा तंगूस घ्यावा. आमिष म्हणून पाण्यात फिरणाऱ्या पत्र्याचे लहान स्पिनर पुरेसे आहेत. फ्लाय, म्हणजे पिसा-दोऱ्याचे कीटकासारखे हलके आमिष, टाकण्याची कला सुंदर आहे, परंतु ती शिकायला एक मोसम द्यावा लागतो, म्हणून पहिल्या प्रवासात तिच्या मागे लागू नये. बारीक पकड, पाण्याखालचे दाखवणारा पोलराइज्ड चष्मा, घट्ट पकडीचे बूट आणि लोकरीचे मोज्यांचे दोन जोड मात्र विसरू नयेत. प्रत्येक आकड्याच्या टोकामागे उलटा काटा असतो. तो पकडीने दाबून आकड्याच्या अंगाशी सपाट करावा आणि नंतर आकडा जुन्या सुती कापडात खुपसून ओढून पाहावा. कापड न अडकता आकडा सुटला तर काटा नीट दबला आहे. असा आकडा माशाच्या जबड्यातून एका हिसक्यात निघतो आणि मासा जिवंत परत जातो.

आता रस्ता. धुळ्याला राष्ट्रीय महामार्ग ५२ धरला की तोच रस्ता इंदूर, कोटा, जयपूर, सीकर, चुरू आणि हिसारवरून थेट पंजाबातील संगरूरपर्यंत नेतो, म्हणून दिल्लीच्या गर्दीत शिरण्याची गरज पडत नाही. जळगावकरांनी चोपड्यावरून शिरपूर गाठावे. रावेर-भुसावळकडच्यांना बऱ्हाणपूर-खंडव्यावरून इंदूर सोयीचे पडते. संगरूरपुढे पतियाळा, रोपड आणि कीरतपूर, आणि तिथून बिलासपूर व मंडीच्या वाटेने औट. एका बाजूचे अंतर साधारण सतराशे किलोमीटर होते. जाण्याचे चार दिवस, येण्याचे चार, नदीवर सहा आणि दरडीसाठी किंवा दुखण्यासाठी राखलेला एक, असे पंधरा दिवस धरावेत. दोघे चालक असले तरी हे दिवस कमी करू नयेत, कारण थकलेल्या माणसाला निसरड्या दगडावर तोल सांभाळता येत नाही.

पहिल्या दिवशी पहाटे चारला निघून शिरपूरजवळ तापी ओलांडावी, पळासनेरपुढे उजेडताना बिजासन घाट चढावा, खलघाटला नर्मदा पार करावी आणि रात्री कोट्याला मुक्काम करावा. कोट्याच्या अलीकडे दर्‍याची खिंड मुकुंदरा व्याघ्र प्रकल्पातून जाते आणि तिथे मालमोटारींची कोंडी होते, म्हणून झालावाड दुपारी चारच्या आत सोडावे. दुसरा मुक्काम सीकर किंवा फतेहपूरला. ज्यांना शिकारीची हौस डोळ्यांनी भागवायची आहे त्यांनी इथून आडवाट करून चुरू जिल्ह्यातील तालछापर पाहावे. सात चौरस किलोमीटरच्या सपाट गवतात काळविटांचे कळप सकाळी असे उभे असतात की दुर्बीण खाली ठेववत नाही. तिसऱ्या दिवशी हिसार-संगरूरवरून रोपड, आणि चौथ्या दिवशी सकाळी ताज्या अंगाने डोंगर चढावा. मंडी ते औट हा टप्पा दरडींचा आहे. तो पावसात किंवा अंधारात करू नये.

गाडीचे ब्रेक, टायर, विम्याची व प्रदूषण तपासणीची कागदपत्रे आणि फास्टॅगमधली शिल्लक आठवडाभर आधी पाहावी. खाण्याचे एवढेच सांगतो की कळण्याचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि बिबडे (ज्वारीचे पापड) सोबत असावेत. बिबडे वजनाला हलके असतात आणि नदीकाठी विस्तवावर भाजता येतात. केळी न्यायची तर अर्धी हिरवी न्यावीत, म्हणजे ती वाटेत पिकत जातात.

मंडीकडून येताना औटचा बोगदा लागण्याआधी उजवीकडे लारजी-बंजारचा रस्ता फुटतो. बंजारमध्ये रोख रक्कम काढून घ्यावी. पुढे गुशैणीच्या वाटेवर नागिनी येथे मत्स्य विभागाचे ट्राउट केंद्र आहे. गळ टाकण्यापूर्वी विभागाचा परवाना काढावा आणि त्यावर छापलेली माशांची संख्या, लांबी व नदीचा टप्पा तिथेच उभे राहून वाचावा. वर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, जे २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्याच्या हद्दीत गळ नेऊ नये. या नदीवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून खोऱ्यातील लोक आणि माजी आमदार दिलेराम शबाब झगडले, आणि त्यामुळेच इथले पाणी आजही मोकळे वाहते. पाहुण्याने याची जाण ठेवावी, काठावर तंगुसाचा तुकडासुद्धा टाकू नये.

मासा प्रवाहाकडे तोंड करून मोठ्या दगडाच्या आडोशाला उभा असतो, म्हणून खालच्या बाजूने वाकून जावे आणि स्पिनर आडवा किंवा किंचित वरच्या अंगाला टाकून प्रवाहाच्या गतीपेक्षा थोडा जलद गुंडाळावा. पहाट आणि सूर्य डोंगराआड गेल्यानंतरचा तास चांगला. मासा लागला की फार वेळ खेळवू नये. हात आधी पाण्यात भिजवावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. त्याला पाण्यातच आडवा धरावा: पिवळसर कुशीवर काळे आणि लाल ठिपके दिसतात आणि लालभोवती फिकट कडे असते. आकडा काढून त्याचे तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपूट मारेपर्यंत तळव्यावर आधार द्यावा. खायचा असेल तर परवान्याच्या मर्यादेत एखादा ठेवावा. नवरात्रात घरी मांसाहार बंद असतो, त्या दिवसांत सारे सोडून देण्याचा आमचा शिरस्ता आहे.

तीर्थन मोकळी असली तरी ती लारजीला ज्या बियास नदीला मिळते, ती तिथून खाली धरणांच्या ताब्यात आहे. ८ जून २०१४ रोजी थलौटजवळ धरणातून सोडलेल्या पाण्याचा लोंढा आला आणि नदीपात्रातल्या दगडांवर उभे असलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. म्हणून बियासच्या पात्रात छायाचित्रासाठीसुद्धा उतरू नये, मग पाणी कितीही कमी दिसो. तीर्थनमध्येही गुडघ्यापेक्षा खोल जाऊ नये, एकट्याने जाऊ नये, आणि पाणी गढूळ होऊ लागले किंवा त्यातून काटक्या-पाने येऊ लागली की गळ सोडून आधी काठ चढावा.

परतण्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंतच गळ टाकावा. काठ्या पुसून, रीळ उघडून आणि बूट उन्हात वाळवूनच गाडीत भरावेत, नाहीतर चार दिवसांच्या उष्ण प्रवासात त्यांना बुरशी येते. मासे सोबत आणू नयेत, ते इंदूरपर्यंतही टिकत नाहीत. आणि शेवटचा मुक्काम इंदूरला करावा, म्हणजे बिजासनचा घाट दिवसाउजेडी उतरता येतो आणि जेवायला घरी पोहोचता येते.