जुना फ्लॅट विकायचाय? आधी शोकेस उतरवा, पण घाईने नको

जुना फ्लॅट विकायला काढला की पहिला सल्ला ठरलेला: "थोडं इंटिरिअर करून घ्या, दहा लाख जास्त येतील." येत नाहीत. घरच्यांचे आणि मित्रांचे मिळून पुणे-पिंपरी भागातले आठ-नऊ फ्लॅट विकताना मी सोबत होतो; विकण्यासाठी म्हणून केलेल्या नव्या सीलिंगचे पैसे वसूल झालेले एकदाही पाहिले नाहीत. गिऱ्हाईक घरात शिरतं तेच मनात तोडफोडीचा हिशेब मांडत. जांभळी टेक्स्चरची भिंत, पीओपीत लपवलेले निळे दिवे, हॉलभर शोकेस, अशा एकेका गोष्टीपायी ते भाव उतरवत जातं, आणि खऱ्या खर्चापेक्षा बरंच जास्त उतरवतं. तेव्हा नवीन काही लावायचं नाही, असलेलं काढायचं.

बँकेलाही तुमच्या सनमायक्याचं कौतुक नाही. व्हॅल्युअर क्षेत्रफळ, इमारतीचं वय आणि त्या भागातला दर बघतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांपुढच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या फार तर ७५ टक्के रक्कम मिळते. "फर्निचरचे सहा लाख वेगळे" म्हणालात की ते सहा लाख समोरच्याला रोख खिशातून काढायचे असतात. बोलणी फिसकटतात ती तिथे.

सोसायटीची परवानगी, कामाच्या वेळा, राडारोडा उचलायची सोय हे तुम्ही बघालच. पडदे, खोटी फुलं, कॅलेंडरं एका दुपारी खाली.

फरशी मोझॅकची असेल तर बदलू नका, मशीन पॉलिश करून घ्या. तिच्यावरच नवी टाइल बसवायचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. फरशी वर येते, दारं घासतात, बाथरूमचा उंबरा बुडतो. कडप्प्याचा ओटा धड असेल तर तोही राहू द्या. बाथरूममध्ये गळके नळ बदला, सांध्यांत व्हाइट सिमेंट भरा.

आता शोकेस. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय.

आमच्या चिंचवडच्या फ्लॅटमध्ये आठ फुटी, छतापर्यंतचं शोकेस होतं. सुताराला म्हटलं, सकाळी ये आणि उतरव. दुपारपर्यंत उतरलं, आणि खाली खड्डा! २००४ साली बाबांनी फरशी बदलली तेव्हा शोकेस हलवलंच नव्हतं. नव्या टाइल्स त्याच्या पायापर्यंत आणून थांबवल्या होत्या. खाली जुनी फरशी, इंचभर खोल. भिंतीत ठोकलेले लाकडी ठोकळे निघताना प्लास्टरचे थर घेऊन आले. मागे बाथरूमची ओल, प्लायला वाळवी. आई नुसती बघत राहिली. दोन दिवसांनी घर बघायला येणाऱ्यांना मी फोन करून नको म्हटलं.

म्हणून हातोडा उचलण्याआधी खालचा एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, टॉर्च मारा आणि आत टाइल आहे का बघा. मागच्या प्लायवर हात फिरवा. गार, दमट लागला किंवा पोकळ वाजला तर मागे ओल नाहीतर वाळवी आहे असं धरून चाला. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, सुतार नंतर. शोकेसमधल्या दिव्यांसाठी त्या काळी कुणीही कुठूनही वायर ओढलेली असते, आणि करवत तिच्यावरच पडते.

खाली टाइल नसेल तर माझं मत पक्कं आहे: तळाचे खण ठेवा, वरचं कापून काढा. दीड-दोन फूट उंचीचा टीव्ही ठेवण्याजोगा ओटा उरतो, वर स्वच्छ भिंत मिळते आणि खड्डा झाकलेला राहतो. मात्र गिऱ्हाइकाने विचारलं तर खाली काय आहे ते सरळ सांगा. पूर्णच काढायचं असेल तर आधी माळ्यावर उरलेल्या टाइल्स शोधा. दुकानात "अगदी तशीच" मिळते म्हणतात, पण वीस वर्षांपूर्वीची छटा जुळत नाही, आणि जवळपासची टाइल लावली की ठिगळ दारातूनच दिसतं. त्यापेक्षा ड्राय बाल्कनीतल्या जुळणाऱ्या टाइल्स अख्ख्या निघाल्या तर त्या हॉलमध्ये लावा आणि बाल्कनीत दुसऱ्या बसवा.

भिंतीचं तर विचारूच नका. रंगारी म्हणेल, "साहेब, लांबी (पुट्टी) मारतो, उद्या रंग." मारू देऊ नका. ओल असेल तर आधी गळती शोधून बंद करायची, नाहीतर पहिल्या पावसात पोपडे येतात. सिमेंटचं नवं प्लास्टर केलं असेल तर आठवडाभर पाणी मारा आणि पुढे पूर्ण वाळू द्या. तीन-चार आठवडे धरा. मी चौथ्या दिवशी रंगवलं होतं. शोकेसचा आकार भिंतीवर डागासारखा उमटला, एखाद्या नकाशासारखा. आणि नुसता तेवढा तुकडा रंगवू नका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत घ्या.

"सागवान आहे, त्या काळी चाळीस हजार लागले होते," असं घरात कुणीतरी म्हणणारच. सागवानी पट्ट्या जुन्या लाकडाच्या बाजारात विकल्या जातात. प्लायला भंगारवालाही तोंड वाकडं करतो. ट्रॉफ्या आणि बाहुल्या खोक्यात भरून घरच्यांच्याच हाती द्या, वाद मिटतो.

रंग फिकट, सगळ्या खोल्यांना एकच. ऑइल पेंटच्या भिंती आधी पॉलिश पेपरने घासून प्रायमर, मगच पुढचं.

फोटो सकाळच्या उजेडात काढा. आणि रंगाचा वास जाईपर्यंत कुणाला घर दाखवू नका. ताज्या रंगाचा वास आला की येणारा भिंतीला हात लावून बघतो, आणि पहिला प्रश्न विचारतो: "इथे गळत होतं का?"