कामचाटकात बारा, बडोद्यात साडेपाच: सोसायटीत रशियन न्यू इयरचा नाच कसा बसवायचा

आधीच सांगते, आमच्यापैकी कोणी रशियाला जाऊन आलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची सून इर्कुत्स्कची आहे, बैकाल सरोवराजवळचं शहर, एवढाच काय तो आमचा रशियाशी संबंध. पहिल्या थर्टीफर्स्टला तिने घरातच छोटं झाड लावलं, सॅलड केलं आणि जिन्यातल्या सगळ्यांना बोलावलं, पुढच्या वर्षी ते कंपाउंडमध्ये आलं, आणि आता तिसरं वर्ष. बडोद्यातच दांडिया बाजारात, नवापुऱ्यात दोनतीन जणींनी विचारलं की आम्हालापण करायचंय, कसं करता, म्हणून हे लिहून काढतेय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. थर्टीफर्स्टला बारापर्यंत जागायचं म्हटलं की आजीआजोबा साडेनऊलाच आडवे, पोरं पेंगलेली, आणि दहानंतर स्पीकर लावता येत नाही तो वेगळाच ताप. पण रशियात टाइम झोन आहेत ११! म्हणजे तिथे नवीन वर्ष एकदा नाही, ११ वेळा येतं, आणि आपलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे त्यांचे सगळे बारा आपल्याकडे कुठल्यातरी साडेला पडतात. रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचाटकात बारा वाजतात तेव्हा बडोद्यात संध्याकाळचे ५:३०, मगादानचे ६:३० ला, व्लादिवोस्तोकचे ७:३०, याकुत्स्कचे ८:३०, इर्कुत्स्कचे ९:३०. मॉस्कोचे बारा आपल्याकडे रात्री २:३० ला, त्याच्या नादी लागू नका. आमचा अख्खा प्रोग्राम ह्या साडेच्या वेळांवर बांधलाय आणि ९:३० ला, सुनेच्या गावच्या बाराला, मुख्य नाच होऊन पावणेदहाला स्पीकर बंद.

कमिटीत एक काका हमखास उठतात की हा तर नाताळ, आपण कशाला. त्यांना सांगायचं की रशियात नाताळ असतो ७ जानेवारीला, कारण तिथलं चर्च अजून जुन्या कॅलेंडरने चालतं, ते १३ दिवस मागे आहे. सरकारने नवीन कॅलेंडर १९१८ मध्ये घेतलं. क्रांतीनंतर झाड सजवणं धार्मिक म्हणून बंद पाडलं होतं, ते १९३५ च्या डिसेंबरात परत आलं पण नवीन वर्षाचं झाड म्हणून, त्यामुळे तिथे ते सगळेच लावतात, मुसलमान तातारसुद्धा आणि बैकालकडचे बौद्ध बुर्यातसुद्धा. आमचे काका एवढं ऐकून म्हणाले मग ठीक आहे, आणि वर्गणी पहिली त्यांचीच आली.

झाडासाठी मोठा खर्च करू नका. नवरात्रात मधे माताजींचा मांडव ज्या खड्ड्यात उभा करता तिथेच सात-आठ फुटांचा बांबू रोवा, वरून खाली शंकूसारख्या सुतळ्या ताणा आणि त्यावर हिरव्या प्लॅस्टिकच्या माळा गुंडाळा, लांबून फरक कळत नाही. जागा मोजून घ्या मात्र. हात धरून गोल करायचा तर माणशी साधारण एक मीटर लागतो, म्हणजे ३० जणांचं वर्तुळ साडेनऊ मीटर रुंद झालं, एकतीस फूट. तेवढी जागा नसेल तर एकात एक दोन गोल करा, पोरं आत, मोठे बाहेर, पण स्कूटर आणि गाड्या दुपारीच काढायला लावा, संध्याकाळी चावी सापडत नाही कोणाची.

आता नाच. गोलातल्या नाचाला ते खोरोवोद म्हणतात आणि गरब्यात वाढलेल्या माणसाला वाटतं त्यात काय शिकायचंय, तिथेच फसतो. आमच्या पहिल्या प्रॅक्टिसला अर्धा गोल उजवीकडे निघाला, अर्धा डावीकडे, आणि मधे दोन काकू एकमेकींवर आपटल्या. कारण गरबा फिरतो तेव्हा मधला दिवा आपल्या डाव्या हाताला असतो आणि खोरोवोद बहुतेक सूर्याच्या दिशेने फिरतो, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखा, झाड उजव्या हाताला. एवढंच सांगा, प्रदक्षिणा घालतोय असं चाला. हात शेजारच्याच्या हातात, खाली सोडलेले, टाळी नाही, गिरकी नाही. पाऊल घासत, सावकाश, जणू पदराखाली चाकं लावलीत. आपल्याकडच्यांना हे हळू चालणंच जमत नाही, दोन मिनिटांत कोणीतरी तीन टाळी सुरू करतं. मग सुनेने युक्ती काढली, प्रत्येकाला भरलेला पाण्याचा पेला डोक्यावर आहे असं समजायला सांगितलं, आणि आजोबा लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की मानच हलवेनात.

गोल जमला की एकाने हात सोडून गोगलगाईसारखं आत वळत जायचं आणि मग उलटं बाहेर यायचं. पुढे असणारा माणूस शांत डोक्याचा हवा, पोरांना देऊ नका.

दुसरी स्टेप शिकवाच, तिचं नाव कोविर्यालोच्का, नाव विसरलात तरी चालेल. उजवा पाय बाजूला, चवड्याचं टोक जमिनीला आणि टाच वर, गुडघा आत वळलेला. मग त्याच जागी टाच टेकवा आणि चवडा वर, गुडघा बाहेर. मग तीन ठोके, उजवा-डावा-उजवा. टोक, टाच, धप-धप-धप. मग डाव्या पायाने तेच. लेझीम खेळलेल्या माणसाला दहा मिनिटांत येते. शिकवताना चाल लावूच नका, नुसतं तोंडाने मोजा, आणि पेव्हर ब्लॉकवर चपला घालूनच करा, आमच्यातल्या एकीने अनवाणी ठोके मारले आणि दोन दिवस टाच धरून बसली. ते बसून पाय फेकायचं जे टीव्हीवर दिसतं ते कॉलेजच्या पोरांपुरतं ठेवा, तेही सतरंजीवर. चाळिशीच्या पुढच्यांना नाही म्हणजे नाही.

आणि तिसरा, माझा लाडका, रुचेयोक. म्हणजे ओढा. जोड्या एकामागे एक उभ्या, जोडीदारांचे हात वर धरून बोगदा करायचा. एक माणूस जास्तीचा ठेवायचा, तो पुढून बोगद्यात शिरतो, वाटेत कोणाचातरी हात धरतो, दोघं मागून बाहेर पडून शेपटीला उभे राहतात, आणि ज्याचा जोडीदार गेला तो पुढे येऊन परत शिरतो. आम्ही एकच नियम जोडलाय, स्वतःच्या घरचं माणूस उचलायचं नाही. पार्किंगवरून सहा महिने न बोललेले दोन शेजारी ह्यात एकमेकांचा हात धरून वाकून निघाले, बाकी मी काही बोलत नाही.

संगीताला बालालाइका, ते रशियन तंतुवाद्य, कुठून आणणार, तर आमच्याकडे नाट्यसंगीताला साथ करणारे एक काका आहेत, त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं, त्यांनी पेटीवर चाल बसवली. रशियन गार्मोनपण भात्याचा आणि सुरांच्या पट्ट्यांचाच, त्यामुळे पेटी परकी वाटत नाही. हळू सुरू करून वेग वाढवत न्यायचा, पण काकांना खूण करायला एक माणूस जवळ ठेवा, नाहीतर त्यांची तंद्री लागते आणि लोक धापा टाकतात.

देद मोरोझ, म्हणजे थंडीआजोबा, तिकडचे सांताक्लॉज, धुराड्यातून वगैरे येत नाहीत, सरळ दारातून येतात, पायघोळ झगा, हातात उंच काठी, आणि बरोबर नात, स्नेगुरोच्का. नातीच्या डोक्यावरचा तो अर्धचंद्रासारखा मुकुट, कोकोश्निक, पुठ्ठ्याचा कापा, मधे पाच-सहा इंच उंच, वर निळं वेल्व्हेट, मंगळ बाजारातली जरीची लेस आणि मोती, मागे इलॅस्टिक, झालं. आजोबांची दाढी कापसाची असते म्हणून त्यांना शेकोटीच्या दहा फूट लांब ठेवा, हे थट्टेत सांगत नाहीये.

कामचाटकाच्या साडेपाचला लोक जमतात. गेटवर सुती टॉवेलवर गोल पाव आणि मधे मिठाची वाटी धरून सून उभी असते, येणाऱ्याने तुकडा मोडून मिठाला लावून खायचा, आपण औक्षण करतो तसंच. कंपाउंडमधल्या पहिल्या वर्षी झाडपण साडेपाचलाच लावलं, लख्ख ऊन, दिवे लागले का नाही तेच कळेना! आता ते मगादानला, साडेसहाला. पोरं तीनदा हाक मारून आजोबांना बोलावतात, मग सगळे मिळून ओरडतात, "योलोच्का, गरी!" म्हणजे झाडा, उजळ. ह्यासाठी स्विचवर जबाबदार माणूस बसवा. आमचा स्विचवाला गेल्या वर्षी भाकरवडी आणायला गेला होता, पोरं चार वेळा ओरडली, पाचव्यांदा सून स्वतः झगा सावरत पळाली.

भेट फुकट मिळत नाही, रशियात मूल स्टुलावर उभं राहून कविता म्हणतं तेव्हा आजोबा पोतडीत हात घालतात. आमच्याकडे मनाचे श्लोक झाले, गुजराती जोडकणां, म्हणजे बालगीतं, झाली, एका मल्याळी पोरीने काय म्हटलं कोणाला कळलं नाही पण टाळ्या तिलाच जास्त.

साडेसातला बाकीच्यांचे नाच, आणि इथे मुद्दाम गोलाचेच ठेवा, बघायला मजा येते. मल्याळी बायका निलविळक्काभोवती, म्हणजे उभ्या समईभोवती, तिरुवातिरा नाच करतात, त्यांचा तिरुवातिरा सण ह्याच दिवसांत, धनु महिन्यात असते. पंजाब्यांना लोहडीआधीच शेकोटी मिळते, आपल्या बायकांची फुगडी, आणि टिमली, म्हणजे इकडचा आदिवासी नाच, लावलीत तर पोरं तुम्हाला नंतर गोलात परत येणार नाहीत, म्हणून ती शेवटी.

साडेआठला जेवण. लग्नाच्या काउंटरवरचं ते अननसवालं गोड रशियन सॅलड सुनेने एकदा खाल्लं आणि नवऱ्याला विचारलं की हे डेझर्ट आहे का. खरं रशियन सॅलड, ऑलिव्हिए, म्हणजे उकडलेला बटाटा, गाजर, मटार, अंडं, खारवलेली काकडी, सॉसेज, मेयोनीज, सगळं मटाराएवढं बारीक. आम्ही सॉसेज आणि अंडं गाळतो, जैनांसाठी बटाट्याऐवजी कच्चं केळं घालतो आणि गाजर नाही. काकडी चार दिवस आधी मिठाच्या पाण्यात लसूण (जैनांच्या काकडीत तोही नाही) आणि शेपू घालून मुरवा. हो, शेपू. रशियन माणूस सगळ्यावर शेपू घालतो, आमच्या घरी ज्यांनी आयुष्यभर शेपूला नाक मुरडलं त्यांनी सॅलड दोनदा घेतलं. ब्लिनी, म्हणजे तिथली पातळ धिरडी, करू नका, तो मास्लेनित्सा सणाचा पदार्थ, फेब्रुवारी-मार्चचा. बाकी सेव-उसळ, ती लागतेच. शँपेनऐवजी सफरचंदाचा सोडा, गुजरात आहे.

९:२५ ला सगळे गोलात. कागदावर इच्छा लिहून जाळायची, राख पेल्यात टाकून बारा टोले संपायच्या आत प्यायची अशी तिथली पद्धत. राख प्यायला आजी तयार नाहीत, त्यांची तुळशीत जाते. टोल्यांसाठी पितळी घंटा, आणि मोजणारा एकच. त्याच वेळी मोबाईल स्टँडवर इर्कुत्स्कहून सुनेची आई असते, मागे त्यांचं झाड, खिडकीबाहेर काळोख आणि बर्फ, आणि इकडे आम्ही स्वेटर घालून घामाघूम. बारावा टोला पडला की सगळ्यांनी "स नोविम गोदम!" म्हणायचं, म्हणजे नवीन वर्षाच्या शुभेच्छा. आमची पोरं "गोदाम, गोदाम" ओरडतात. तिकडून त्या बाई कंपाउंडमधल्या पहिल्या वर्षी दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली, गोल उलटा फिरतोय. खरंच फिरत होता.

झाड लगेच उतरवू नका. जुन्या कॅलेंडरचं नवीन वर्ष १३ जानेवारीच्या रात्री लागतं, तोवर ते उभं ठेवतात. म्हणजे १४ ला उतरवायचं, पण १४ आणि १५ ला बडोद्यात कोणी गच्चीवरून खाली येत नाही, त्यामुळे आमचं १६ ला उतरतं, अडकलेले दोन-चार पतंग सोडवून.