करवंदाची जाळी घराशी लावताना

सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फुकट मिळणारी करवंदं परसात कशाला लावायची, असं आमच्याकडे सगळेच विचारतात. पण आंबा-काजूची नवी बाग काढताना पहिली कोयती जाळीवरच पडते, त्यामुळे सड्यावरही आता शोधावी लागतात.

बी चाखून निवडा. जाळीगणिक चव वेगळी. मे महिन्यात जी गोड लागेल तिचीच काळीभोर, मऊ फळं घ्या. फोडल्यावर कोंबडा (आतून लाल) निघो की कोंबडी (आतून पांढरं), आपल्याला गोडीशी मतलब! बिया धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशवीत पेरा. पुढच्या वर्षासाठी ठेवलेलं बी बहुतेक फुकट जातं. बियांच्या रोपाला आईचीच चव येईल याचा मात्र भरवसा नाही. तीच हवी असेल तर पावसाळ्यात गुटी बांधा, म्हणजे फांदीची साल गोल काढून तिथे ओलं शेवाळ बांधा आणि मुळं फुटली की कापून लावा. मोठ्या फळांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ जात आहे.

रोपं सावकाश वाढतात. वर्षभर पिशवीत ठेवून पुढच्या पावसाच्या सुरुवातीला लावा. दीड फुटाचा खड्डा, पाटीभर शेणखत, बस्स. कातळाची, मुरमाड जमीन चालते. पाणी साचणारी नाही. कुंपणाला तीन फुटांवर, फळांसाठी सहा-सात फुटांवर. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या आणि कोवळी रोपं गुरांपासून जपा. पुढे फार लाड नकोत. खत जास्त झालं की नुसता पाला माजतो.

छाटणीत बहुतेकांचं चुकतं. फुलं फांदीच्या शेंड्याला झुपक्यांनी येतात, पांढरी, वासाची. कुंपण नीट दिसावं म्हणून थंडीत कात्री चालवली, तर उन्हाळ्यात फळ विसरा. फळं उतरली की जूनमध्येच छाटा. अंगात जाड, लांब बाह्यांचं काहीतरी हवं, कारण काटे जोडीने असतात आणि एकातून सुटलं की दुसऱ्यात अडकतं. फणस कापताना लावतो तसं हाताला खोबरेल लावा, चीक चिकटत नाही.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतं. लोणच्याला हिरवी, घट्ट करवंदं एप्रिलमध्ये काढा आणि देठ मोडून पाण्यात टाका. चीक पाण्यात उतरतो. खायची असतील तर ओढू नका. पिकलेलं बोट लागताच हातात येतं, ओढावं लागलं तर ते अजून आंबटच आहे.