प्रो-रेसलिंगची लढत रंगत नाही? या चुका टाळा

डाव बिनचूक पडतात, उड्या जमतात, पाठीवर आपटल्याचा आवाज दणदणीत येतो, आणि तरी हॉल गप्प. छोट्या, स्वतंत्र कंपन्यांच्या शोमध्ये हे फार वेळा घडतं. निकाल आधी ठरलेला असतो हे प्रेक्षकाला माहीत असतं, तरीही तो तिकीट काढून आलेला असतो. त्याला रिंगमधल्या एका माणसाची काळजी वाटायला लावणं, हे रेसलरचं खरं काम. ती काळजी नेमकी कुठे गळते, हे वर्षानुवर्षं लढती पाहताना मी टिपत आलो आहे.

दुखणं विसरू नका

सगळ्यात मोठी चूक हीच. हील, म्हणजे खलनायक, आठ मिनिटं नायकाच्या गुडघ्यावर घाव घालतो. नायक विव्हळतो, लंगडतो. मग त्याची उसळी मारायची वेळ येते आणि तो धावत जाऊन वरच्या दोरावरून सूर मारतो, जणू पाय कालच नवा बसवलाय. त्या क्षणी प्रेक्षकाला आपली आठ मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटतात आणि पुढचं काहीच तो मनाला लावून घेत नाही.

मार लागल्याचं अंगातून दाखवणं म्हणजे सेलिंग. सेलिंग म्हणजे सतत लंगडत राहणं नव्हे. उडी जरूर मारा, पण तिची किंमत मोजा. खाली आल्यावर गुडघा धरा. त्यामुळे पिन करायला, म्हणजे समोरच्याचे खांदे तीन मोजेपर्यंत जमिनीला दाबून धरायला, दोन सेकंद उशीर होईल, तेवढ्यात समोरचा सावरेल आणि खांदा उचलेल. आता त्या सुटकेला, म्हणजे किकआउटला, कारण मिळालं, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला ते कारण न सांगता कळलं.

तयारी करताना शेवटाकडून मागे या. नायकाचा फिनिशर, म्हणजे लढत संपवणारा ठेवणीतला डाव, समोरच्याला खांद्यावर उचलून आपटण्याचा असेल, तर हीलने त्याची कंबर धरावी, पाय नव्हे. पहिल्या प्रयत्नात कंबरेत कळ येऊन उचलणं फसतं, दुसऱ्यात जमतं. एवढ्यावर अख्खी लढत उभी राहू शकते. उसळीत पाय लागणारच असतील आणि लंगडणं जमणार नसेल, तर मुळात पायाला हातच लावू नका.

उलट टोकही वाईट. छातीवर बसलेल्या एका चापटीने माणूस मेल्यासारखा पडला, तर नंतर खुर्ची बसल्यावर दाखवायला काय उरलं?

आधी ओळख पटवा

कोल्हापूरच्या खासबागेत मैदान भरतं तेव्हा पैलवान कोणत्या तालमीचा, कोणत्या गावचा, हे लोकांना ठाऊक असतं. जीव आधीच गुंतलेला असतो. दोनशे खुर्च्यांच्या हॉलमधल्या रेसलरला ती पुंजी मिळत नाही. त्यामुळे पहिली दोन मिनिटं सर्वांत महाग. हात मिळवायला पुढे आलेला हात कोणी झिडकारला, दोराला टेकलेल्याला नियमाप्रमाणे लगेच कोणी सोडलं आणि रेफरी पाच मोजेपर्यंत कोणी दाबून धरलं, एवढ्यावरून लोक बाजू निवडतात. दोघंही एकदम शूर आणि एकदम झकास दिसायला गेले, की लोक टाळ्या वाजवतात पण कोणाच्याच बाजूने उभे राहत नाहीत.

राग एका रात्रीत पिकत नाही

या बाबतीत मला नेहमी केव्हिन स्टीन आणि एल जेनेरिको आठवतात. दोघंही कॅनडातल्या क्युबेकचे, अमेरिकेतल्या 'रिंग ऑफ ऑनर' या कंपनीत जोडीने लढणारे, तिथले टॅग, म्हणजे जोडीचे, चॅम्पियनही झालेले. डिसेंबर २००९ मध्ये एक लढत हरल्यावर स्टीनने जेनेरिकोला खुर्चीने मारलं. नंतर कंपनीने घाई केली नाही, हे महत्त्वाचं. वर्षभर ते वैर मुरू दिलं. स्टीनच्या बाजूला स्टीव्ह कोरिनो आला, जेनेरिकोच्या बाजूला कोल्ट कबाना. अखेर १८ डिसेंबर २०१० ला न्यूयॉर्कच्या हॅमरस्टाइन बॉलरूममध्ये पणाला लागला जेनेरिकोचा मुखवटा आणि स्टीनची त्या कंपनीतली कारकीर्द. जेनेरिको जिंकला आणि स्टीन खरोखरच काही महिने तिथे दिसला नाही. पैज लावली तर ती अशी पाळावी. पुढच्याच शोमध्ये हरलेला परत आला, तर तुमच्या पुढच्या पैजेवर कोण विश्वास ठेवेल?

जेनेरिकोकडून आणखी एक शिकण्यासारखं. त्याचा चेहरा कायम झाकलेला, प्रोमोत, म्हणजे माइकवरच्या भाषणात, लांबलचक बोलणंही नाही. तरी 'ओले' म्हणत हॉल त्याच्यामागे उभा राहायचा, कारण तो खांद्यांनी, हातांनी, उभं राहण्याच्या पद्धतीने बोलायचा. भावना दाखवायला ओरडावंच लागतं, असं समजणाऱ्या नव्या मुलांनी त्याच्या लढती आवाज बंद करून पाहाव्यात. हेच दोघं पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत केव्हिन ओवेन्स आणि सॅमी झेन झाले आणि २०२३ च्या रेसलमेनियात, म्हणजे त्या कंपनीच्या सर्वांत मोठ्या शोमध्ये, पहिल्या रात्रीची शेवटची लढत जोडीने जिंकले. त्या रात्री मिठी मारताना दोघांच्या मागे इतक्या वर्षांचं मैत्र आणि वैर होतं.

लांबीचा हव्यास नको

सामोआ जो आणि सीएम पंक २००४ मध्ये याच 'रिंग ऑफ ऑनर'मध्ये दोनदा साठ मिनिटं लढून बरोबरीत सुटले. ते चाललं, कारण सामोआ जो हा धिप्पाड आणि अजिंक्य वाटणारा चॅम्पियन होता, आणि त्याला दमवण्यासाठी पंक पुन्हा पुन्हा डोकं काखेत आवळून धरत होता. वेळ हेच पंकचं हत्यार होतं. तुमच्या कथेला वेळेची गरज नसेल, तर बारा मिनिटं पुष्कळ.

फिनिशरमधून तीन-तीन वेळा सुटणंही असंच. पहिल्या सुटकेला लोक उडतात, तिसऱ्याला मोबाइल काढतात.

मध्येच हॉल थंड पडला तर

घाबरून वेग वाढवू नका, कमी करा. हीलने नायकाला खाली दाबून प्रेक्षकांकडे बघावं, त्यांना डिवचावं. नायकाने एक गुडघा वर आणावा, दोन ठोसे द्यावेत आणि पुन्हा पडावं. ही अर्धवट आशा दोनदा मोडली, की तिसऱ्या वेळी लोक स्वतःच पाय आपटू लागतात. जोडीच्या लढतीत तर हे हुकमी, कारण तिथे हाताला हात लागला की जोडीदार आत येतो: कोपऱ्यातल्या जोडीदाराचा हात चार बोटांवर आहे आणि नायकाला मागे खेचलं जातंय. तो हात लवकर मिळू देऊ नका.

रेफरीला विसरू नका

त्याच्या चेहऱ्यावर चिंता नसेल तर प्रेक्षकांच्याही नसते. शिवाय कोणी खरंच जखमी झालं, तर रेफरी डोक्यावर हातांची फुली करतो आणि मागची माणसं धावत येतात. कथेत रंग भरायला ही खूण कधीही उसनी घेऊ नका. ज्या दिवशी कोणाची मान खरंच दुखावेल, त्या दिवशी ती बघून एकाही माणसाने क्षणभर थबकता कामा नये.